आवाज कुठपर्यंत येतोय?

रात्री अचानक लाइट गेली की तुम्ही पहिल्यांदा काय करता? खिडकीत जाऊन समोरच्या बिल्डिंगकडे बघता. तिथेही अंधार असेल तर निवांत बसता. तिथे लाइट असेल तर मात्र मोबाइलचा टॉर्च लावून आपल्या मीटरकडे जाता. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नसतं. नळाला पाणी आलं नाही की आई शेजारच्या काकूंना गॅलरीतून विचारते, 'तुमच्याकडे आलं का हो?' तेही हेच. बिघाड आपल्या घरात आहे की बाहेर, हे आधी ठरवायचं आणि मगच हात घालायचा.

मग कॉम्प्युटरचा आवाज गेला की आपली ही अक्कल कुठे जाते? विशेषतः त्यावर लिनक्स असेल तर हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीतून एकच सल्ला येतो. 'फॉरमॅट मार.'

आज मला या दोन शब्दांबद्दल बोलायचंय. कारण मी तो सल्ला ऐकला होता आणि तो मला महागात पडला.

अर्ध्या तासाचं काम

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. माझा लॅपटॉप मामेभावाने वापरून दिलेला. विंडोज त्यावर रडतखडत चालायचं, म्हणून लिनक्स टाकलं होतं आणि खरं सांगते, म्हातारं मशीन पळायला लागलं होतं. रेडिओच्या पेपरसाठी दहा मिनिटांचं फीचर करायचं होतं. मी विषय घेतला आमच्या आजोबांचा. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजोबा पंधरा वर्षांचे होते. डिपार्टमेंटचा रेकॉर्डर दोन दिवसांसाठी मिळाला होता. पडवीत बसून आजोबा चाळीस मिनिटं बोलले. मी फाइल लॅपटॉपवर घेतली, रेकॉर्डरचं कार्ड रिकामं केलं आणि तो परत देऊन टाकला.

सबमिशनच्या चार दिवस आधी एडिटिंगला बसले, तर लॅपटॉप मुका. स्क्रीनवर वेव्हफॉर्म सरकतोय, आवाजाची पट्टी पूर्ण वर आहे, पण ऐकू काहीच येत नाही. माझे हेडफोन महिन्याभरापूर्वीच तुटले होते आणि कुणाचे तरी मागून लावून बघावेत हे डोक्यातच आलं नाही. तीनदा रीस्टार्ट केलं. इंटरनेटवर सापडतील त्या कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट केल्या, एकाचाही अर्थ न कळता. शेवटी एक सीनियर दादा आला. त्याने लॅपटॉपला हातही न लावता निकाल दिला, 'लिनक्स आहे ना? फॉरमॅट मार. अर्ध्या तासाचं काम आहे.'

पेनड्राइव्ह त्याच्याकडे तयारच होता. डिस्क पुसून इन्स्टॉल करायचं का, असं इन्स्टॉलरने विचारलं. मी 'हो' म्हटलं. प्रोजेक्टचं फोल्डर आधी कॉपी करून घेतलंय याची मला खात्री होती. मी कॉपी केलं होतं ते स्क्रिप्टचं फोल्डर होतं. ऑडिओचं वेगळं होतं.

अर्ध्या तासात नवंकोरं लिनक्स सुरू झालं. आवाज? तो तेव्हाही नव्हता.

काकांचा एकच प्रश्न

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आमच्या स्टुडिओत गेले. तिथले रेकॉर्डिस्ट काका आयुष्यभर मांडवात, ऑर्केस्ट्रात आणि सभांना साउंड लावत आलेले. लिनक्सशी त्यांचा संबंध नावापुरताही नाही. त्यांनी विचारलं, 'आवाज कुठपर्यंत येतोय?'

मी म्हटलं, 'काका, येतच नाहीये.'

'तसं नसतं गं. निघालेला असतो. कुठंतरी अडकलेला असतो. कुठपर्यंत येतोय ते बघायचं.'

त्यांनी स्टुडिओतला हेडफोन लावला. आवाज आला, एकदम स्वच्छ! हेडफोन काढला. शांतता. मग त्यांनी मला साउंडची सेटिंग उघडायला लावली. आउटपुट या शब्दासमोर लिहिलं होतं, 'हेडफोन्स'. काका म्हणाले, 'हेडफोन तर माझ्या हातात आहे. मग हे अजून हेडफोन कशाला म्हणतंय?'

हेडफोनची पिन घुसली हे ओळखण्याची सोय जॅकच्या आत असते. पिन आत आली की मशीन स्पीकर बंद करतं. माझ्या जॅकमध्ये पिशवीतल्या धाग्यांचा आणि धुळीचा एक गोळा जाऊन बसला होता. मशीनला वाटत होतं की पिन आतच आहे. काकांनी ब्लोअरने हवा मारली, पिन सात-आठ वेळा आत-बाहेर केली आणि स्क्रीनवरचा शब्द माझ्या डोळ्यांदेखत बदलला. 'स्पीकर्स.' समोरचा चहा अजून गरम होता.

म्हणजे बिघाड लिनक्समध्ये नव्हताच. मी दहा वेळा फॉरमॅट मारलं असतं तरी तो गोळा जागचा हलला नसता. आणि मशीन पहिल्या दिवसापासून मला ते सांगत होतं. 'हेडफोन्स' हा शब्द तिथे लिहिलेलाच होता. मी वाचला नव्हता.

मांडवातली पद्धत

गणपतीच्या मांडवात ऐन आरतीला स्पीकर बंद पडला, तर साउंडवाला काय करतो ते आठवा. तो अख्खा सेट उचलून नवीन आणत नाही. माइकवर टिचकी मारतो. मिक्सरचा दिवा हलतोय का बघतो. हलत असेल तर माइक आणि त्याची वायर ठीक, पुढे बघायचं. मग एक केबल बदलतो, मग अॅम्प्लिफायर. एका वेळी एकच गोष्ट. माझं म्हणणं आहे की लिनक्सचा आवाज शोधायचा तो असाच. आणि यासाठी कॉम्प्युटर इंजिनीअर असायची गरज नाही, फक्त वाटेतले थांबे माहीत हवेत.

पहिला थांबा म्हणजे तुमचं अॅप. ब्राउझरचा आवाज येत नसेल तर दुसऱ्या प्लेअरवर गाणं लावा. तिथे आलं, तर दोष त्या टॅबचा किंवा त्या अॅपचा. टॅब म्यूट करून विसरलेले लोक मी बघितलेत. मी स्वतः त्यातली एक.

दुसरा थांबा साउंड सर्व्हर. सगळ्या अॅपचे आवाज गोळा करून योग्य दाराने बाहेर सोडणारा हा वाहतूक पोलीस. हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये त्याचं नाव पाइपवायर, थोड्या जुन्यांमध्ये पल्सऑडिओ. इथे 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाचं एक छोटं अॅप टाकून ठेवा, पाइपवायरवरही ते चालतं. त्याच्या प्लेबॅक टॅबमध्ये गाणं सुरू असताना एक पट्टी नाचते. ही पट्टी म्हणजे काकांच्या मिक्सरचा दिवा. ती नाचत असेल तर आवाज इथपर्यंत पोचलाय, आता पुढे बघा. शेजारीच आउटपुटचा टॅब आहे. आवाज कोणत्या दाराने जातोय ते तिथे कळतं. एचडीएमआय केबलने मॉनिटर लावला असेल, तर आवाज मॉनिटरकडे गेलेला असू शकतो आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसू शकतात. इथे 'डमी आउटपुट' एवढंच दिसलं, तर अर्थ असा की सर्व्हर जिवंत आहे, पण त्याला खालून एकही साउंड कार्ड सापडलेलं नाही.

तिसरा थांबा आल्सा, म्हणजे साउंड कार्डशी थेट बोलणारा थर. टर्मिनल उघडून 'अल्सामिक्सर' हा एकच शब्द टाइप केला की उभ्या पट्ट्या दिसतात. एफ-सिक्स दाबून आपलं खरं कार्ड निवडायचं. एखाद्या पट्टीखाली दोनदा 'एम' लिहिलेलं दिसलं, तर ती म्यूट आहे. एमचं बटण दाबलं की उघडते. वरच्या सेटिंगमध्ये आवाज फुल आणि इथे मात्र म्यूट, असं खुशाल होऊ शकतं. दोन्ही तोट्या उघड्या असल्याशिवाय पाणी येत नाही.

चौथा थांबा कर्नल आणि फर्मवेअर. काही नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजासाठी वेगळी चिप असते आणि तिला 'साउंड ओपन फर्मवेअर' नावाचं पॅकेज लागतं. ते नसेल तर कार्ड दिसतच नाही, आणि मग वरती 'डमी आउटपुट' येतं. पाचवा आणि शेवटचा थांबा म्हणजे हार्डवेअर. जॅक, वायर, खुद्द स्पीकर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या पेनड्राइव्हने मी फॉरमॅट मारलं, त्याच पेनड्राइव्हमध्ये माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. बहुतेक लिनक्स काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. 'ट्राय' निवडायचं, 'इन्स्टॉल' नाही. तिथे आवाज आला, तर तुमचं मशीन ठणठणीत आहे आणि गडबड तुमच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही नाही आला, तर फॉरमॅटचा उपयोग होण्याची शक्यता फार कमी. समोरच्या बिल्डिंगकडे बघणं म्हणतात ते हेच. दहा मिनिटं लागतात आणि एकही फाइल जात नाही.

आणि प्रत्येक तक्रार हा बिघाडही नसतो. ब्लूटूथ इअरबड्सवर गाणं छान चाललेलं असतं, ऑनलाइन लेक्चर सुरू होतं आणि आवाज एकदम डबड्यातून आल्यासारखा येतो. 'लिनक्स भंगार आहे' असं आपण म्हणून मोकळे होतो. खरं तर माइक चालू झाल्यावर ब्लूटूथ गाण्याच्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये गेलेलं असतं. माइक लॅपटॉपचा निवडा आणि इअरबड्स पुन्हा गाण्याच्या मोडवर टाका, आवाज पूर्ववत होतो.

सल्ल्यावरची तारीख बघा

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, प्रश्न टाइप केला की कमांड मिळतात. मिळतात ना. मलाही मिळाल्या होत्या. पण त्या कोणत्या काळातल्या?

लिनक्सच्या आवाजाने तीन पिढ्या बघितल्यात. आल्साचं काम यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलं. पल्सऑडिओची सुरुवात लेनार्ट पोटरिंग यांनी २००४ मध्ये केली आणि २००८ च्या उबुंटूपासून तो तिथे ठरलेला साउंड सर्व्हर झाला. विम टायमन्स यांचा पाइपवायर २०२१ मध्ये फेडोरात आणि २०२२ च्या अखेरीस उबुंटूमध्ये पल्सऑडिओच्या जागी आला. आल्सा अजूनही तळाला आहेच. बदललाय तो वरचा मजला.

आता विचार करा. पल्सऑडिओ नवा होता तेव्हा त्याला शिव्या देणारे खूप होते आणि 'तो काढूनच टाका' असा सल्ला सर्रास दिला जायचा. तो सल्ला आजही इंटरनेटवर पडून आहे. तुम्ही तो आज सुडोसकट पेस्ट केलात, तर आवाज यायचा राहिला बाजूला, डेस्कटॉपचे काही भागही सोबत निघून जाऊ शकतात. चॅटबॉटला विचारलं तरी तो कधीकधी जुन्या पिढीची कमांड नव्या मशीनला देतो, तीही अगदी आत्मविश्वासाने. एक्स्पायरी डेट न बघता आपण बिस्किटाचा पुडाही घेत नाही. मग ज्या कमांडला आपण मशीनच्या सगळ्या चाव्या देतोय, तिची तारीख का बघत नाही?

माझा नियम साधा आहे. जी कमांड फक्त बघते, ती बिनधास्त चालवा. जी काहीतरी बदलते किंवा पुसते, तिचा अर्थ कळल्याशिवाय एंटर दाबायचं नाही.

'पण लिनक्स वापरायचंच कशाला?'

हा प्रश्न येणारच. लिनक्सच्या आवाजाची कटकट खरी आहे. नवाकोरा लॅपटॉप घेतलात आणि त्यातल्या स्पीकरच्या चिपला कर्नलचा आधार अजून मिळालेला नसेल, तर तुम्ही कितीही थांबे तपासलेत तरी काही महिने वाट बघण्यावाचून गत्यंतर नसतं. 'लिनक्समध्ये सगळं आपोआप चालतं' असं सांगणाऱ्या मित्रावर मीही विश्वास ठेवत नाही.

पण आपल्यातल्या अनेकांसाठी लिनक्स हा हौसेचा मामला नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दादाचा, मामेभावाचा, जुन्या बाजारातून आणलेला लॅपटॉप वापरणाऱ्या पोरापोरींनी काय करायचं? नवा घ्यायला पैसे नाहीत आणि जुना फेकायची ऐपत नाही. त्यांच्यासाठी लिनक्स म्हणजे डिग्री पूर्ण होईपर्यंत मशीन चालू ठेवायचा उपाय आहे. आणि लॅपटॉप जितका जुना, तितके हे प्रश्न जास्त येणार.

दुसरा आक्षेप वेळेचा. 'उद्या सबमिशन आहे, थांबे कुठे मोजत बसू?' मान्य. मग त्या रात्री मोजू नका. मित्राचे हेडफोन लावा. काहीशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावा. ते आतलं कार्ड आणि जॅक दोन्ही टाळून आवाज बाहेर काढतं. काम उरका आणि शनिवारी शोधा. मात्र घाईत असताना पुसायचं बटण दाबू नका. घाईत परत न येणारी गोष्ट करणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे.

आणि फॉरमॅट कधीच मारू नये असंही मी म्हणत नाहीये. शोध घेतलात, गडबड सिस्टममध्येच आहे हे कळलं, फाइल दुसरीकडे घेतल्या आणि उघडूनही बघितल्या, तर खुशाल मारा. माझी तक्रार आहे ती 'आधी फॉरमॅट, मग विचार' या क्रमाबद्दल.

कारण फॉरमॅट यशस्वी झाला तरी आपण काहीच शिकत नाही. बिघाड काय होता? माहीत नाही. परत आला तर? परत फॉरमॅट. आम्हाला अभ्यासक्रमात रेकॉर्डिंग शिकवलं, एडिटिंग शिकवलं, पण गेलेला आवाज शोधायचा कसा, यावर एक तासही झाला नाही. ते मला स्टुडिओतल्या काकांनी चहा पिता पिता शिकवलं. प्रत्येक कॉलेजात असे एक काका, मामा किंवा लॅब असिस्टंट असतात. त्यांच्याकडे फक्त चावी मागायला जाऊ नका.

मदत मागतानाही हेच कामी येतं. ग्रुपवर 'आवाज येत नाहीये, हेल्प' असं टाकलंत तर कुणीही 'फॉरमॅट मार' एवढंच म्हणणार. त्याऐवजी लिहून बघा : 'हेडफोनवर येतो, स्पीकरवर नाही. पट्टी नाचते. पेनड्राइव्हवरून चालवलं तरी नाही.' हे वाचून जाणकार माणूस दोन मिनिटांत सांगेल की जॅक बघ. आणि तुम्ही जाणकार असाल, तर समोरच्याला मूर्ख ठरवायच्या किंवा पेनड्राइव्ह काढायच्या आधी त्याला एक प्रश्न विचारा.

दुसरं रेकॉर्डिंग

सबमिशनला मी दुसऱ्याच विषयावरचं फीचर दिलं. मार्क बरे मिळाले. दिवाळीत गावी गेले आणि आजोबांना पुन्हा पडवीत बसवलं. या वेळी फाइल तीन ठिकाणी ठेवली.

आजोबा पुन्हा बोलले. सगळं सांगितलं. पण पहिल्या वेळी, भूकंपाच्या आधी जमिनीतून कसा आवाज आला, ते त्यांनी तोंडाने काढून दाखवलं होतं. खोल, घशातून, आणि मग बराच वेळ ते गप्प बसले होते. रेकॉर्डर चालूच होता. दुसऱ्या वेळी ते नुसतं म्हणाले, 'लई मोठा आवाज झाला बघ.' आणि पुढे गेले. मी म्हटलं, आजोबा, तो आवाज काढा ना परत. ते हसले. म्हणाले, 'आता न्हाई यायचा तसा.'

तेव्हा पुढच्या वेळी तुमचा किंवा शेजारच्या खोलीतला लॅपटॉप मुका झाला, तर पाच मिनिटं थांबा. आवाज कुठपर्यंत येतोय, एवढंच बघा. तो कुठेतरी नक्की अडकलेला असतो. आणि काहीही करण्याआधी ऑडिओचं फोल्डर कॉपी झालंय का, ते उघडून ऐकून बघा. लॅपटॉप मुका असेल तर दुसऱ्याच्या मशीनवर ऐका, पण ऐका.